वीतभर उरलं पाहिजे

सोलापुरात लिंगायताघरी लग्न ठरलं की मुलीचा बाप आधी स्वामींच्या पाया पडायला जायचा आणि तिथनं घरी न जाता थेट संगप्पा आचाऱ्याच्या दारात. मुहूर्त एक वेळ मागं-पुढं झाला असता तरी चाललं असतं, पण हुग्गी संगप्पाच्याच हातची पाहिजे. हुग्गी म्हणजे खपली गव्हाची खीर. गहू पाण्याचा हात लावून कांडायचा, कोंडा पाखडायचा, पहाटेपासून मऊ शिजवायचा, मग गूळ, खोबरं, खसखस, सुंठ. ऐकायला सोपं वाटतं. करून बघा म्हणजे कळेल. गूळ जरा घाईनं पडला की गहू असा अडून बसतो की मग ब्रह्मदेव खाली उतरला तरी शिजत नाही.

माणूस उघडाबंब, गळ्यात लिंग, कमरेला पंचा आणि जिभेला हाड नाही. चुलवणापुढं उभा राहिला की यजमानालासुद्धा झारा दाखवून म्हणायचा, "तुमी तिकडं मांडवात फिरा. हितं तुमचं काय काम हाय?" लोक ऐकून घ्यायचे. हाताला चव असली की माणसाला सगळं माफ असतं.

पण संगप्पाचा खरा अभिमान चवीचा नव्हताच. शेवटची पंगत उठली की तो यजमानाला हाताला धरून डेगीपाशी न्यायचा, झाकण काढायचा आणि म्हणायचा, "बघा. वीतभर उरलंय." यजमानाचा जीव भांड्यात पडायचा. पाचशे पानं सांगितली तर संगप्पा सातशेंचं रांधायचा आणि सातशे सांगितली तर हजाराचं. यजमानही खूश, कारण उरलं म्हणजे घर मोठं. चार लोक म्हणायचे, काय लग्न झालं, खाऊन संपलं नाही.

या खोडीला कारण होतं. संगप्पाचा बाप तिप्पण्णा हाही आचारीच, आणि पोरापेक्षा दोन बोटं वरचढ. अक्कलकोटकडच्या एका लग्नात वरपक्षाकडची माणसं सांगितल्यापेक्षा जास्त आली आणि शेवटच्या पंगतीत हुग्गी संपली. अर्धी पानं वाढलेली, अर्धी कोरी. मुलीच्या बापानं डोईचं पागोटं काढून व्याह्याच्या पायावर ठेवलं आणि लहान पोरासारखा रडला. तिप्पण्णा झारा हातात घेऊन नुसता बघत राहिला. त्या दिवसापासून त्यानं कुणाच्या लग्नाची चूल पेटवली नाही. संगप्पा तेव्हा अठराएक वर्षांचा, बापाच्या शेजारीच उभा होता. बापाचं ते तोंड त्याला पुढं जन्मभर दिसत राहिलं. मरताना बापानं सांगितलं ते एवढंच, की वाढताना हात आखडला की आचारी मेला.

आता यातली गंमत बघा. घरी हाच संगप्पा ताटात एक शीत ठेवायचा नाही. त्याची आई बसव्वा जेवण झालं की ताटात पाणी घालायची, बोटानं कडा पुसून घ्यायची आणि ते पाणी पिऊन टाकायची. अन्न म्हणजे प्रसाद, आणि प्रसाद टाकायचा नसतो. संगप्पाही तसंच करायचा, रोज, न चुकता. आणि तोच माणूस लग्नात दोनशे माणसांचं जास्तीचं रांधून ठेवायचा. एका हाताला दुसऱ्या हाताची ओळख नव्हती, असंच म्हणायचं.

नव्या पेठेच्या मागच्या अंगाला एक मंगल कार्यालय होतं. लोक त्याला दगडी कार्यालय म्हणायचे. संगप्पाची बहुतेक लग्नं तिथं व्हायची. कार्यालयाच्या मागच्या भिंतीला लागून वस्ती होती, गिरणीत नाहीतर मिळेल तिथं राबणाऱ्यांची. पूर्वी दुपार कलली की वस्तीतली माणसं मागच्या दाराशी भांडी घेऊन यायची. संगप्पाचं उरलेलं वीतभर तिथं जायचं. त्याला वाटायचं, आपण केवढं पुण्य करतोय.

मग छप्पन्न साल आलं. वस्तीनं बुद्धाचा धर्म घेतला आणि ठरवून टाकलं, यापुढं कुणाच्या दारचं उष्टं-उरलेलं घरात आणायचं नाही. पहिल्या लग्नाला संगप्पा दोन हंडे भरून मागल्या दाराशी उभा राहिला. उन्हं कलली, कुणी आलं नाही. भिंतीपलीकडं माणसं बोलत होती, हसत होती, त्यांच्या घरच्या भाकऱ्यांचा वास येत होता. संगप्पाला राग आला. "माज आलाय लेकाच्यांना," तो म्हणाला. अहो, त्यांनी फक्त तुमचं उरलेलं नको म्हटलं होतं. उरवू नका, एवढं साधं त्यातनं कळायला काय हरकत होती? दोनशेंचं कमी रांधायचं, मिटलं. पण ते त्याच्या डोक्यात आलंच नाही. डोक्यात बापाचं तोंड होतं.

कार्यालयाच्या मागल्या अंगणात एक अरुंद, खोल विहीर होती. तिच्या दगडी भिंतीत पाय ठेवायला पुढं काढलेले दगड होते. त्याच सुमाराला कार्यालयात नळ आला आणि विहिरीवरचा रहाट बंद पडला. अन्न रस्त्यावर टाकायचं तर पायदळी येतं, गाडीखाली येतं, ते पाप. पाण्यात सोडलं तर पाप नाही. देवाचं निर्माल्य नाही का आपण पाण्यात सोडत? झालं. वाढपी घरी गेले की संगप्पा वहाणा काढायचा, हंड्याला हात जोडायचा, "शिवार्पण" म्हणायचा आणि हुग्गी, भात, आमटी सगळं विहिरीत ओतायचा. हे काम तो दुसऱ्या कुणाला सांगायचा नाही. अन्नाचा भार आपल्याच हातावर असू दे म्हणायचा.

दोन-तीन लग्नं अशी झाल्यावर भिंतीपलीकडची मुक्ताबाई मागल्या दाराशी आली. लग्न होऊन वस्तीतल्या वस्तीतच नांदायला आलेली, विशीतली बाई. लहानपणी हीच पोर आईबरोबर भांडं घेऊन यायची, संगप्पानं तिला ओळखलं. त्याला वाटलं, आली वाटेवर.

"काय, आणू का हंडा?" तो म्हणाला.

"न्हाय अप्पा. आमी घेत न्हाय, ठाऊक हाय की तुमाला." ती उंबऱ्याबाहेरच थांबली. "तुमी हिरीत अन्न टाकताय न्हवं? त्येवढं करू नका. झरा जिता हाय तिचा. आज नळ हाय, उद्या नसला तर?"

"तुला घ्यायचं न्हाय, अन् मला टाकू बी देत न्हाईस!" संगप्पा भडकला. "विहीर काय तुझ्या बापाची हाय का?"

"आज्याची हाय," मुक्ताबाई म्हणाली. "माज्या आज्यानं खांदलीया ती. सुरुंग लावून, दगड डोक्यावर वाहून. पानी लागलं त्या दिवशी त्येला वर काढला, नारळ फोडला, अन् कार्यालयवाले म्हनले, आता हिच्या कडंला यायचं न्हाय. आमच्यातल्या कुनी त्या पान्याचा घोट घेतल्याला न्हाय. म्हनून सांगती, नासू नका."

संगप्पानं दार लावलं. पुढच्या लग्नाला परत ओतलं, त्याच्या पुढच्याला परत. एका उन्हाळ्यात घाण वास यायला लागला तेव्हा त्यानं विहिरीवर पत्रा टाकला आणि वर दगड ठेवले. मांजरं पडतात म्हणून, असं सांगितलं. ओतायच्या वेळी तेवढा पत्र्याचा कोपरा उचलायचा. अशी चौदा-पंधरा वर्षं गेली. पोरींची लग्नं झाली, त्या पोरींच्या पोरींची बारशी झाली आणि संगप्पाचं वीतभर उरतच राहिलं.

बहात्तरला पाऊस आलाच नाही. आधीच्या सालीही नुसतं शिंतडलं होतं. दिवाळीपर्यंत ज्वारी दिसेनाशी झाली आणि रेशनवर परदेशातली लाल ज्वारी, मिलो, आला. त्याची भाकरी थापली की तव्यावरच भेगा पडायच्या. लग्नं पुढं ढकलली गेली, जी झाली ती पाच-पन्नास माणसांत. संगप्पा घरी बसून होता. त्याची बायको पार्वतम्मा नळाला रांग लावायची. नळ तिसऱ्या दिवशी, मग चौथ्या, मग कधीतरी करंगळीएवढी धार. भिंतीपलीकडं वस्तीत एकच नळ, तो तर पार कोरडा पडला होता. मुक्ताबाई गिरणीच्या पलीकडून दोन कोसांवरून पाणी आणायची.

त्र्याहत्तरच्या मार्चमध्ये कार्यालयाचे पंच बसले. कुणाला तरी मागची विहीर आठवली. जुनी माणसं म्हणाली, तिचा झरा कधी आटला नव्हता, दुष्काळातही नाही. ठरलं की विहीर उपसायची आणि पेठेला, वस्तीला, सगळ्यांना खुली करायची. अशा दिवसांत कुणाला शिवाशिव सुचत नव्हती. कार्यालयाचा व्यवस्थापक शिवपुत्र हा निरोप घेऊन स्वतः वस्तीत गेला.

ही बातमी संगप्पाला पार्वतम्मानं सांगितली, मोठ्या आनंदानं. "घराजवळ पाणी हो! आता दोन घागरी भरून ठेवीन, तुमाला आंघोळीला बी देईन." आता बोलावं, जाऊन शिवपुत्राला सांगावं, असं संगप्पाला दहादा वाटलं आणि दहादा तो उंबऱ्यापर्यंत जाऊन परत फिरला. त्याला वाटलं, इतक्या वर्षांत सगळं विरघळून गेलं असेल. पाणीच ते, धुऊन काढतं सगळं. माणूस स्वतःला काय काय सांगतो!

पत्रा काढायच्या दिवशी सकाळी मागल्या अंगणात पन्नास-साठ माणसं जमली होती. पेठेतल्या बायका एका बाजूला, वस्तीतल्या एका बाजूला. मुक्ताबाई सगळ्यांत पुढं होती. तिच्या कडेवर पितळी घागर, चिंचेनं घासून लखलखीत केलेली. लग्नात आईनं दिलेली ती घागर रोजच्या पाण्याला ती कधी काढायची नाही. आज काढली होती. संगप्पानं ती घागर बघितली आणि मान खाली घातली.

पत्रा सरकवला आणि सगळे चार पावलं मागं सरले. बायकांनी नाकाला पदर लावले. आत वाकून बघितलं तर काळी साय धरलेली आणि तीत बुडबुडे फुटत होते.

"शिवा शिवा शिवा," शिवपुत्र ओरडला. हा गडी दोन वर्षांपूर्वी नवा आलेला, पुढच्या खोलीत कागद चाळत बसणारा, मागल्या अंगणात कधी फिरकला नव्हता. त्यानं भिंतीपलीकडं बोट केलं. "हे बघा. हे या वस्तीचं काम. भिंतीवरनं घाण फेकत्यात. आन् यांनाच पाणी द्यायचं म्हणे!"

"आमी न्हाय टाकलं," मुक्ताबाई म्हणाली. आवाज चढला नव्हता. "लग्नाचं अन्न पडतंय हितं, वर्सानुवर्सं. मी सांगितलं बी हुतं."

"कुणाला सांगितलं?"

तिनं नाव घेतलं नाही. नुसतं संगप्पाकडं बघितलं. शिवपुत्रही वळला. "संगप्पा, तू तर हितला जुना माणूस. तू सांग. कार्यालयाचं अन्न पडतंय का हितं?"

साठ माणसं बघत होती. त्यातल्या कितीतरी पोरींच्या लग्नाची हुग्गी संगप्पानं केली होती. त्यांच्या बापांना डेग उघडून वीतभर उरलेलं दाखवलं होतं.

"मला काय ठाऊक?" संगप्पा म्हणाला. "मी चुलीपाशी असतो."

मुक्ताबाईचा नवरा हणमंत गिरणीतला कामगार. त्याआधी तो दगडाच्या खाणीत आणि विहिरींवर राबला होता, म्हणून उपसायला त्यालाच बोलावलं होतं. जुनी विहीर उघडली की आधी दोरीला कंदील बांधून आत सोडायचा असतो. दिवा विझला की आत हवा नासलेली आहे, माणसानं उतरायचं नाही. हे त्याला पक्कं ठाऊक होतं. कंदील त्यानं आणलाही होता, तो कठड्यावर ठेवलेला होता. पण संगप्पाचं बोलणं ऐकल्यावर त्याचं टाळकं सणकलं.

"माजी बायकू खोटं बोलत न्हाय," तो म्हणाला. "आत काय हाय त्ये वर आनून दावतो. मग बगा कुनाची घान हाय ती." आणि कमरेला दोर बांधून, बादली घेऊन तो भिंतीतल्या दगडांवरून सरसर उतरला. कंदील कठड्यावरच राहिला.

दोन माणसांच्या उंचीइतका खाली गेला असेल. मग त्याचा पाय चुकल्यासारखा झाला. बादली सुटून पाण्यात पडली. त्यानं वर तोंड केलं, तोंड उघडं होतं, पण आवाज नाही. दुसऱ्या क्षणी तो त्या काळ्या पाण्यात गेला.

"हवा नासलीया! वढा!" संगप्पा ओरडला. त्यालाच कळलं नाही आपण ओरडतोय. "वढा त्याला वर! खाली अन्न कुजलंय, पंधरा वर्सांचं! मी टाकलंय, मी! वढा रे!"

आठ-दहा जणांनी दोर ओढला. हणमंत वर आला तो चिखलानं माखलेला, ओठ निळे पडलेले. पालथा घालून पाठ दाबली तेव्हा तोंडातनं पाणी आलं, नाकातनं आलं. त्या पाण्यात गहू होते. कांडलेले, फुगलेले, काळे पडलेले खपली गहू. मुक्ताबाई नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. तिनं आपल्याला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं संगप्पा पुढं कितीदा म्हणायचा.

हणमंत वाचला. पण छाती धरली ती धरलीच. जिना चढला तरी धाप लागायची. गिरणीतल्या कापसाच्या धुळीत त्याला उभं राहवेना, काम सुटलं. पन्नाशीही न गाठलेला गडी दाराशी बाजेवर बसायला लागला आणि घर मुक्ताबाईच्या खांद्यावर आलं.

त्या दिवशी घरी पार्वतम्मानं नवऱ्याला मिलोची भाकरी वाढली. तिनं सगळं ऐकलं होतं, अख्ख्या पेठेनं ऐकलं होतं. संगप्पानं कसंबसं खाल्लं, मग रोजच्या सवयीनं ताटात पाणी घातलं, बोटानं कडा पुसल्या आणि ताट तोंडाला लावायला गेला. पार्वतम्मानं ताट हातातनं काढून घेतलं.

"नका पिऊ," ती म्हणाली. "कुणाला दावताय?"

आठवड्यानं पंचांनी विहीर बुजवायला काढली. माणूस मरता मरता वाचला, परत लफडं नको. संगप्पा त्यांच्या हातापाया पडला. म्हणाला, मी उतरतो, कंदील सोडून बघतो, रोज शंभर बादल्या उपसतो, झरा जिता आहे, दोन महिन्यांत निवळेल. म्हणाला, पाण्याच्या अशा दिवसांत जितं पाणी बुजवू नका हो. पंचातला एक म्हातारा म्हणाला, "संगप्पा, हे तुला आता सुचतंय?" गाडीमागनं गाडी दगडमाती पडत गेली. संगप्पा रोज जाऊन उभा राहायचा. दगड पडले तसं आतलं पाणी वर वर आलं, शेवटी हात घालावा इतकं वर आलं. मग त्यावर मुरूम पडला आणि तेही दिसेनासं झालं. पलीकडं मुक्ताबाई दोन कोसांवरून पाणी आणत होती, ती पितळी घागर परत फळीवर गेली होती.

त्या उन्हाळ्यात संगप्पाला अकलूजला एका लग्नाचं बोलावणं आलं. एस.टी. टेंभुर्णीवरून गेली. रस्त्याच्या कडेला दुष्काळी कामावर बायामाणसं खडी फोडत होती, मैलोन् मैल. पुढं अकलूजकडं वळलं आणि एकदम हिरवंगार. पाटाच्या पाण्यावर ऊस डोक्यावर गेलेला. शेजारी बसलेला शेतकरी कौतुकानं सांगत होता, उसाला पाण्याच्या किती पाळ्या द्याव्या लागतात, बारा-पंधरा महिने कसं पाजावं लागतं. संगप्पा ऐकत होता. गूळ म्हणजे पाणीच की. गहू म्हणजे पाणीच की. म्हणजे आपण विहिरीत नुसतं अन्न नाही ओतलं, कुणाच्या तरी शेतातलं पाणी आणून दुसऱ्याच्या पाण्यात घाण करून टाकलं. इतकी वर्षं गुळाच्या ढेपा फोडताना हे एकदाही मनात आलं नव्हतं, आणि आलं ते असं, एस.टी.च्या खिडकीपाशी.

त्या लग्नात यजमानानं चारशे पानं सांगितली, तेवढ्याचंच त्यानं रांधलं. एक मूठ जास्त नाही. आणि व्हायचं तेच झालं. वऱ्हाड वाढलं, शेवटच्या पंगतीला हुग्गी पुरली नाही. यजमानानं भर मांडवात त्याला नाही नाही ते सुनावलं. "सोलापूरचा आचारी म्हणे! अहो, गूळ चाटायला लावला पाहुण्यांना!" संगप्पा बापासारखाच झारा घेऊन उभा राहिला. फरक इतकाच की त्याला शरम वाटली नाही. ती सगळी आधीच वाटून झाली होती.

पण बातमी सोलापुरात त्याच्या आधी पोचली. संगप्पाच्या लग्नात कमी पडतं, असं एकदा झालं की संपलं. चुरचुरीत भजी आणि बुंदीचे नवे आचारी आले. संगप्पा कधी कुणाच्या बारशाला, कधी मठात वर्षातनं एकदा रांधायचा. मिळेल तिथं तो आधी विचारायचा, "खरी पानं किती?" लोक हसायचे. म्हणायचे, म्हातारा मोजायला लागला. पाऊस परत पडायला लागला, मिलो गेला, शाळू ज्वारी आली. पंगतीत पुन्हा अर्ध्या पत्रावळी भरलेल्या उठायला लागल्या, आणि उरलेलं आता कार्यालयासमोरच्या गटारात जायला लागलं. संगप्पा कुणाला सांगायला जायचा तर लोक म्हणायचे, "तू सांगतोस होय रे?"

एकोणऐंशीच्या वैशाखात एका सकाळी मुक्ताबाई त्याच्या दाराशी आली. सहा वर्षांत पहिल्यांदा. केस पिकलेले, पाठ जरा वाकलेली. पार्वतम्मानं "या, बसा" म्हटलं, पण ती उभीच राहिली.

"धर्मपालचं लगीन हाय," ती म्हणाली. धर्मपाल म्हणजे तिचा थोरला, आता पोस्टात लागलेला. "हुग्गी करायची हाय. तुमीच."

संगप्पाला विश्वास बसेना. "मी? अगं मुक्ता... मुक्ताबाई, मला कुणी बोलवत न्हाय आता."

"दोनशे पानं. मी सोता दारोदार जाऊन इचारलंय कोन येनार, कोन न्हाय. दोनशे म्हंजी दोनशे." मग जरा थांबून म्हणाली, "उरवायचं न्हाय."

लग्न वस्तीतल्या मोकळ्या जागेत झालं. पाणी पिंपांत भरून आणलं होतं, टँकरचं. संगप्पा पहाटे तीनला उठून गेला, पार्वतम्मा मदतीला. गहू त्यानं स्वतः निवडला होता, स्वतः कांडला होता. गूळ घालण्याआधी त्यानं गहू दोनदा बोटांत चुरून बघितला, इतक्या वर्षांची सवय गेलेली. पण गहू शिजला, अगदी लोण्यासारखा. हणमंत बाजेवरनं बघत होता. त्याला पहिलं पान वाढलं तेव्हा तो सावकाश, मध्ये मध्ये श्वास घेत जेवला आणि "बरी झालीया" म्हणाला. संगप्पाला तेवढं पुरलं.

पंगती उठत गेल्या तसा डेगीचा तळ दिसायला लागला. एकशे नव्व्याण्णव पानं झाली. शेवटी घरची एकटी मुक्ताबाई जेवायची राहिली होती. तिचं एक पान संगप्पानं बाजूला काढून ठेवलं होतं. ते त्यानं तिच्या ताटात वाढलं आणि समोर उकिडवा बसला. आचाऱ्याची खोड ती, खाणाऱ्याच्या तोंडाकडं बघायची.

"कशी झालीय?"

"चांगली झालीया की." तिनं आणखी एक घास घेतला. "पन ती न्हाय."

"कुठली?"

"ल्हानपनी मागल्या दारातनं मिळायची, ती. उष्टी हुती, पन तसली चव मी कुटंच खाल्ली न्हाय. मला वाटायचं गूळ बदलला, का गहू बदलला, का मीच म्हातारी झाले."

गूळ बदलला नव्हता, गहूही तोच होता. संगप्पाला क्षणात कळलं. तिप्पण्णा दुसरं पाणी डेगीत घालूच द्यायचा नाही. पहाटे रहाट ओढून ताजं पाणी काढायचा आणि म्हणायचा, हुग्गी पाण्यानं होते, बाकी सगळं नावाला. हे संगप्पानं स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं, हजार वेळा. नळ आल्यावर विसरून गेला होता.

"पाणी," तो म्हणाला. "तवा ती हुग्गी त्या विहिरीच्या पाण्यावर व्हायची."

मुक्ताबाईचा घास हातातच राहिला.

"त्या हिरीच्या?"

"व्हय."

तिनं घास परत ताटात ठेवला. "म्हंजी मी चाखलं हुतं की वो," ती हळूच म्हणाली. "आज्याच्या हिरीचं पानी. मला वाटलं हुतं आमच्यात कुनाच्याच तोंडात पडलं न्हाय." तिच्या तोंडावर हसू आलं, खरंच आलं, आणि डोळे भरले. "गोड हुतं वो अप्पा. लई गोड हुतं."

संगप्पाला तिच्यापुढं बसवेना. तो उठला, रिकाम्या डेगीपाशी गेला. तळाला, कडांना जे काय चिकटलं होतं त्यावर त्यानं तांब्याभर पाणी घातलं, बोटांनी सगळं पुसून गोळा केलं, डेग तिरकी करून ते पाणी तांब्यात घेतलं आणि तिथंच उभ्यानं प्याला. पार्वतम्मा बघत होती. या वेळी तिनं अडवलं नाही. पाणी टँकरचं होतं, मचूळ.